दुकानं, ऑफिसं, घरं आणि मधली बाग: मिश्र वापराच्या इमारतीचं डिझाइन कसं करावं

खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं आणि सगळ्यांना मिळून एक बाग. सांगायला दोन ओळींचं काम आहे. नकाशा काढायला बसलं की मात्र आधी दुकानांचे गाळे पडतात, मग पार्किंग, मग घरांची संख्या, आणि जो तुकडा कशातच बसत नाही त्याला हिरवा रंग दिला जातो. हा तुकडा बहुतेक वेळा जिन्याच्या मागे, एसीच्या युनिटांसमोर आणि दिवसभर सावलीत असतो. तिथे गवत धरत नाही आणि माणूसही टिकत नाही.

म्हणून इथे क्रम फिरवला आहे. बाग कुठल्या पातळीवर, तिचं वजन किती, तिचं पाणी कुठून येणार, कुठे जाणार आणि तिचा खर्च कोण उचलणार हे आधी ठरवायचं; इमारत त्याभोवती बसवायची. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक काल्पनिक प्लॉट धरू. ७० मीटर बाय ६० मीटर, म्हणजे ४,२०० चौरस मीटर. तळमजल्यावर दुकानं, त्यावर दोन मजले ऑफिसं, त्यावर सहा मजले घरं, आणि मधे ३० मीटर बाय ३० मीटरची बाग.

पायरी १: चोवीस तासांचा तक्ता

पेन्सिल प्लॅनवर ठेवण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळीत दिवसाचे तास, उभ्या ओळीत प्रत्येक वापर. कोण कधी येतं, कधी जातं, कधी आवाज करतं, कधी झोपतं, माल कधी उतरतो, कचरा कधी निघतो. सुट्टीच्या दिवसासाठी वेगळा तक्ता. काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे निम्मे निर्णय यातूनच निघतात.

उदाहरणार्थ, ऑफिसं रात्री रिकामी असतात. त्यामुळे दुकानं आणि झोपायच्या खोल्या यांच्या मधे ऑफिसांचे मजले घातले की आवाजाचा अर्धा प्रश्न बांधकाम न करताच सुटतो. ऑफिसांच्या गाड्या संध्याकाळी निघतात आणि रहिवाशांच्या तेव्हा परततात, म्हणजे पार्किंगची काही जागा दोघांना चालते. मात्र एक अट आहे. ती जागा कुणा एकाच्या नावावर विकलेली नसावी. एकदा क्रमांक टाकून विकली की दिवसभर रिकामी राहिली तरी दुसऱ्याला वापरता येत नाही.

दुकानं कुठे ठेवायची यावर फार विचार करू नका. ती रस्त्यालगत, तळमजल्यावरच. फ्रान्समधल्या मार्से शहरातली, वास्तुकार ल कॉर्बुझिएची ‘युनिते द’आबितासियों’ (१९५२) ही ३३७ घरांची इमारत. तिने दुकानांची गल्ली मधल्या मजल्यांवर नेली. कल्पना धाडसी होती, पण वाटेने जाणारं गिऱ्हाईक सातव्या मजल्यावर चढत नाही आणि केवळ आतल्या रहिवाशांवर पुरा बाजार चालत नाही. त्याच इमारतीची गच्ची, जिथे मुलांची शाळा आणि धावण्याची वाट आहे, ती मात्र अजून शिकण्यासारखी आहे.

पायरी २: बागेची पातळी ठरवणं

हा सगळ्यात मोठा निर्णय, आणि तो पहिल्या आठवड्यात व्हायला हवा. पर्याय तीनच: जमिनीवर, दुकानांच्या छतावर म्हणजे पोडियमवर, किंवा गच्चीवर.

जमिनीवरची बाग सगळ्यात उदार. झाडांना खरी माती मिळते, पाऊस जमिनीत मुरतो, आणि रस्त्यावरचा माणूस सहज आत येतो. तिचा शत्रू म्हणजे बेसमेंट. प्लॉटच्या कडेपासून कडेपर्यंत पार्किंगचं तळघर खणलं की वरची ‘जमीन’ ही प्रत्यक्षात गच्चीच असते, फक्त तसं कुणी म्हणत नाही. शक्य असेल तिथे तळघर आखडतं घ्या आणि काही भाग खालपर्यंत मोकळा ठेवा. मोठी झाडं तिथे.

पोडियमवरची बाग सुरक्षित आणि शांत असते, मुलं गाड्यांपासून लांब राहतात. पण ती रस्त्याला पाठ फिरवते, आणि वर चढण्याचा प्रश्न उभा राहतो. चाकाच्या खुर्चीला चालेल असा रॅम्प १:१२ उताराचा धरला तर पाच मीटर चढायला ६० मीटर लांबी लागते, मधले सपाट टप्पे वेगळेच. एवढा रॅम्प बहुतेक प्लॉटवर बसत नाही. म्हणजे रस्त्यावरून थेट बागेत उघडणारी, चोवीस तास चालू राहणारी लिफ्ट हवीच. ती ऑफिसच्या लॉबीतून काढली तर ऑफिस बंद झाल्यावर बागही बंद होते.

गच्चीवर ऊन भरपूर, वाराही भरपूर. तिथे माणूस ठरवूनच जातो. जाता जाता कुणी थांबत नाही. साधारण पाचव्या मजल्याच्या वर राहणाऱ्याचा खालच्या जागेशी डोळ्यांचा संबंध सुटतो आणि माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव पंचवीसेक मीटरच्या आतच कळतात, असं नगररचनाकार यान गेल सांगतात. उंच इमारतीला एकच बाग पुरत नाही, ती याचमुळे.

सिंगापूरच्या ‘कांपुंग ॲडमिरल्टी’ या इमारतीने यावर चांगलं उत्तर काढलं. प्लॉट ०.९ हेक्टरचा, उंचीची मर्यादा ४५ मीटर. ‘वोहा’ या संस्थेने तळाशी वाऱ्याला मोकळा असा सार्वजनिक चौक ठेवला, मधे वैद्यकीय केंद्र, आणि त्याच्या छतावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी बाग व ज्येष्ठांसाठी १०४ घरं. चौक सगळ्या वस्तीचा, बाग जरा आतली. २०१८ मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात ती वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली.

आपल्या प्लॉटवरही मी बाग दोन तुकड्यांत वाटेन. रस्त्याकडे खऱ्या मातीत दोन-तीन मोठी झाडं आणि बसायला जागा, सगळ्यांना खुली. दुकानांच्या छतावर ९०० चौरस मीटरची मुख्य बाग, ऑफिस आणि घरं यांची सामायिक. दोन्हींना जोडणारा रुंद जिना, आणि जिन्याला लागूनच लिफ्ट.

पायरी ३: ऊन आणि वारा यांच्या हिशेबाने आकार

बागेवरचं ऊन डोळ्यांनी अंदाजून चालत नाही, त्रिमितीय मॉडेलवर तास मोजायचे. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा एक निकष हाताशी ठेवण्यासारखा आहे: २१ मार्चला मोकळ्या जागेच्या निम्म्या भागाला तरी दोन तास ऊन मिळावं. हा थंड हवेचा निकष आहे. उष्ण प्रदेशात प्रश्न उलटा येतो, तिथे दुपारची सावली मोजायची. पण मोजायचं दोन्हीकडे.

आपल्या बागेभोवती सगळीकडे पूर्ण उंची चढवली तर काय होतं पाहा. ऑफिसचे दोन मजले प्रत्येकी ३.९ मीटर, घरांचे सहा मजले प्रत्येकी ३.१ मीटर, मिळून बागेच्या वर सुमारे २६ मीटर. ३० मीटर रुंदीच्या चौकाला ही उंची जड जाते; हिवाळ्यात अर्ध्याहून जास्त बाग सावलीत राहील. उपाय सोपा आहे. सूर्य ज्या बाजूने फिरतो (उत्तर गोलार्धात दक्षिण) त्या बाजूला फक्त ऑफिसचे दोन मजले ठेवायचे, आणि तिथली घरं समोरच्या बाजूवर चढवायची. कोपनहेगनच्या ‘एट हाउस’मध्ये (२०१०) ‘बिग’ या संस्थेने हेच केलं: इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आराखडा, नैऋत्येचा कोपरा खाली दाबलेला, ईशान्येचा वर उचललेला. ऊन चौकात उतरतं आणि वरच्या घरांना लांबवरचं दृश्य मिळतं.

वाऱ्याचं गणित नवख्याला चकवतं. उंच भिंतीवर आदळलेला वारा खाली घसरतो आणि पायथ्याशी जोरात लागतो. दुकानांसमोर बसायची जागा ठेवायची असेल तर वरचा भाग रस्त्यापासून काही मीटर मागे घ्या, किंवा रुंद छत काढा. इमारतीतून आरपार जाणारी अरुंद वाटही वारा ओढते. उन्हाळी प्रदेशात ती वरदान ठरते, थंड प्रदेशात तिथे एकही बाक वापरला जात नाही.

पायरी ४: दारं

सामायिक जागेचं स्वरूप कुंपणापेक्षा दारांवर जास्त ठरतं. प्रत्येक वापराला रस्त्यावरून स्वतःचं दार, स्वतःचा पत्ता, स्वतःची लिफ्ट. रहिवाशाला घरी जाताना ऑफिसची लॉबी ओलांडावी लागू नये. मग बागेत उघडणारी दारं मोजा. ऑफिसच्या पहिल्या मजल्यावरून एक, घरांच्या प्रत्येक जिन्यातून एक, आणि जमलं तर घरी जायची रोजची वाटच बागेच्या कडेने न्या. ज्या बागेतून कुणाची वाट जात नाही ती महिन्यातून एकदा फोटो काढायला उपयोगी पडते.

बागेच्या पातळीला ज्या खोल्या येतात त्यांच्या खिडक्यांसमोर दोन-तीन मीटरचा लागवडीचा पट्टा हवा. नाहीतर आतला माणूस पडदे कायमचे ओढून घेतो, आणि बागेला चारी बाजूंनी बंद पडदेच दिसतात.

पायरी ५: कॉलम आणि शाफ्ट

वापर बदलला की मापं बदलतात, आणि मिश्र इमारतीचा पैसा इथेच वाहून जातो. पार्किंगला तीन गाड्या दोन कॉलमांच्या मधे बसवायच्या असतात. अडीच मीटरच्या तीन गाड्या आणि कॉलमची जाडी धरून अंतर ८.१ ते ८.४ मीटर येतं. दुकानाला हे चालतं. ऑफिसला चालतं. घरांना ८.४ चे दोन भाग करून ४.२ मीटरच्या खोल्या मिळतात. म्हणजे कॉलमांचं एकच जाळं तळघरापासून वरपर्यंत नेता येतं. ते जमलं नाही तर मधे वरच्या कॉलमांचा भार खालच्या वेगळ्या जागच्या कॉलमांवर नेणारे ट्रान्सफर स्लॅब किंवा जाडजूड ट्रान्सफर बीम येतात, आणि त्यांचा खर्च व उंची दोन्ही भारी पडतात. आर्किटेक्टने घरांचे प्लॅन ‘जरा मोकळे’ हवेत म्हणून कॉलम हलवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून त्या हलवण्याची किंमत विचारून घ्यावी.

कॉलमइतकेच हट्टी असतात सांडपाण्याचे पाइप. सहा मजल्यांच्या बाथरूमचे उभे पाइप खाली ऑफिसच्या मधोमध उतरणार असतील तर त्यांना छतात आडवं वळवावं लागतं. आडव्या पाइपाला उतार हवा, उताराला उंची हवी, आणि गळती झाली की ती कुणाच्या तरी टेबलावर. घरांचे शाफ्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्या, ऑफिसच्या टॉयलेटवर किंवा जिन्याच्या गाभ्याजवळ उतरतील असं पहिल्याच प्लॅनमध्ये जुळवा.

स्वयंपाकाचा धूर बाहेर काढणारा डक्ट आज खाली रेस्टॉरंट नसलं तरी ठेवा. तो गच्चीच्या वरपर्यंत न्यावा लागतो, आणि घरं बांधून झाल्यावर त्याला जागा मिळत नाही.

पायरी ६: माती, वजन आणि पाणी

इथे घाई करू नका. आधी मातीची खोली. गवताला १५० ते ३०० मिलिमीटर, झुडपांना ३०० ते ६००, आणि झाडाला ९०० च्या पुढे. झाडाला नुसती खोली पुरत नाही, आकारमानही लागतं: मध्यम झाडासाठी १० ते १५ घनमीटर माती धरा. ४ मीटर बाय ४ मीटरचा, ०.९ मीटर खोल वाफा म्हणजे १४.४ घनमीटर, एवढ्यात एक झाड.

आता वजन. माती नेहमी पूर्ण भिजलेली धरायची. साधी बागेची माती भिजल्यावर घनमीटरला १,९०० किलोच्या आसपास जाते. गच्चीसाठी केलेलं हलकं मिश्रण साधारण १,३०० वर राहतं. आपल्या ९०० चौरस मीटरवर सरासरी ४५० मिलिमीटर थर धरला तर साध्या मातीचे जवळजवळ ७७० टन, हलक्या मिश्रणाचे सुमारे ५२५. फरक २४० टनांहून जास्त, आणि तो थेट बीम, कॉलम आणि पायापर्यंत उतरतो. शिवाय बागेत लोक जमणार, त्यासाठी चौरस मीटरला ५०० किलोचा भार वेगळा. म्हणून झाडांचे वाफे कॉलमच्या डोक्यावर आणि गवत स्लॅबच्या मध्यावर.

मग बागेकडे उघडणारं दार. जवळून पाहण्यासारखा तपशील आहे, कारण गळतीच्या बऱ्याच तक्रारी इथेच सुरू होतात. वॉटरप्रूफिंगचा थर बागेच्या तयार पातळीच्या वर किमान १५० मिलिमीटर भिंतीवर चढवायचा असतो. पण दारात १५० मिलिमीटरचा उंबरा ठेवला तर चाकाची खुर्ची अडते आणि म्हातारं माणूस अडखळतं. यावर उपाय म्हणजे बागेखालचा स्लॅब आतल्या फरशीपेक्षा पाचसहाशे मिलिमीटर खालीच ओतायचा. माती त्या खोलगट भागात बसते, बाहेरची फरशी आतल्या फरशीच्या पातळीला येते, आणि दारासमोर पूर्ण रुंदीची जाळीदार नाली पडते. पाणी उंबऱ्यापर्यंत पोचण्याआधी नालीत उतरतं. याची किंमत खालच्या दुकानांच्या उंचीतून वसूल होते, म्हणून दुकानाचा मजला साडेचार-पाच मीटरचा हवा. हे नंतर सुचून उपयोग नाही.

थरांचा क्रम असा: स्लॅब, १:१०० ते १:६० उतार, मेंबरेन (म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर), मुळं अडवणारा थर, संरक्षक थर, पाणी वाहून नेणारे ड्रेनेज बोर्ड, गाळणारं कापड, मग माती. मेंबरेन झाल्यावर माती टाकण्याआधी आउटलेट (पाणी बाहेर सोडणारी तोंडं) बंद करून किमान ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून प्रत्येक कोपरा टॉर्च घेऊन पाहा. चाचणी पास झाली की तिथून पुढे स्लॅबमध्ये एकही भोक नाही. दिव्यांचे खांब, बाक, घसरगुंडी यांचे काँक्रीटचे ओटे मेंबरेनच्या आधीच ओतून घ्यायचे. हे राहून गेलं की चांगली चाचणी झालेली बागही दिवे बसवणाऱ्याच्या ड्रिलने गळायला लागते.

पाऊस तासाला १०० मिलिमीटर धरला तर ९०० चौरस मीटरवरून सेकंदाला २५ लिटर पाणी निघतं. एका आउटलेटवर विसंबू नका. दोन-तीन ठेवा, आणि ते सगळे तुंबले तर पाणी इमारतीच्या बाहेर पडेल अशी मोकळी वाट कठड्यातून काढा. प्रत्येक आउटलेटवर जमिनीच्या पातळीला उघडणारं झाकण हवं. मातीखाली दडलेला आउटलेट दोन वर्षांनी कुणालाच सापडत नाही.

उलट बाजूचं गणितही करा. ६०० चौरस मीटर लागवड, दिवसाला चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे रोज ३,००० लिटर. महिनाभर कोरडा गेला तर ९०,००० लिटर. गच्चीवर पडलेला पाऊस साठवा, एसीतून ठिबकणारं पाणी गोळा करा, अंघोळीचं पाणी शुद्ध करून वापरा. तरीही हिशेब बसत नसेल तर गवत कमी करा. दिखाऊ गवत हा या सगळ्यातला तहानलेला भाग असतो.

पायरी ७: आवाज, वास, कचरा, आग

हे मुद्दे कमी महत्त्वाचे नाहीत, पण नियम स्पष्ट आहेत. व्यायामशाळा घरांच्या खाली ठेवू नका. वजनं आपटल्याचा हादरा स्लॅबमधून जातो आणि छताला कितीही फोम लावला तरी थांबत नाही. एसीची युनिटं बागेकडे तोंड करून लावू नका, बंदिस्त चौकात त्यांचा आवाज आणि गरम हवा दोन्ही घुमतात. दुकानांचा कचरा आणि घरांचा कचरा यांच्या खोल्या वेगळ्या, दोन्हींना पाण्याचा नळ आणि जमिनीत नाली, आणि कचऱ्याची ट्रॉली बागेतून न जाता गाडीपर्यंत पोचावी.

आगीच्या बाबतीत मूळ तत्त्व एकच: एका वापराची सुटकेची वाट दुसऱ्या वापरातून जाऊ नये. घरांचे जिने थेट बाहेर उतरावेत. अग्निशमन गाडी पोडियमवर न्यावी लागणार असेल तर तिच्या चाकांचा भार आणि वळण्याची त्रिज्या स्थानिक अग्निशमन विभागाकडून लेखी घ्या आणि तो पट्टा नकाशावर आखून टाका. त्या पट्ट्यावर पुढे हौसेने ठेवलेली मोठी कुंडीसुद्धा अडथळा ठरते.

पायरी ८: लागवड

झाडं शेवटी निवडा, पण जागा आधी ठरलेल्या असू द्या. ऊन-सावलीचा नकाशा पायरी ३ मध्ये केलेला आहेच, तो बागतज्ज्ञाच्या हातात द्या. सावलीच्या कोपऱ्यात सावलीत जगणारीच झाडं. वरच्या मजल्यांवर वारा असल्याने उंच खोडापेक्षा बुटकी, पसरट आणि लवचीक जात बरी, आणि मुळांचा गोळा मातीखालून बांधून घ्यावा. मिलानच्या ‘बोस्को वेर्तिकाले’ या जोडमनोऱ्यांत (२०१४) झाडांची आधी वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी झाली, मुळं बांधली गेली, आणि आजही माळी दोरीला लटकून छाटणी करतात. छायाचित्रात झाडं दिसतात, दोरीवरच्या माळ्याचा खर्च दिसत नाही. तुमच्या इमारतीत प्रत्येक वाफ्यापर्यंत माळी शिडी न लावता, कुणाच्या घरात न शिरता पोचेल का, हे प्लॅनवर बोट फिरवून पाहा.

पायरी ९: करार

बागेचा खर्च कोण किती देणार हे विक्रीआधी कागदावर हवं. क्षेत्रफळानुसार वाटणी सोपी पडते, पण ज्या दुकानाला बागेकडे दारच नाही ते पैसे द्यायला कुरकुरतं, आणि त्यात चूक काय? वापरानुसार टक्के ठरवा. पाणी आणि विजेचे मीटर बागेसाठी वेगळे ठेवा, म्हणजे वाद आकड्यांवर होतो. बाग कधी उघडी, बाहेरच्यांना कुठपर्यंत मुभा, रेस्टॉरंटने टेबलं कुठपर्यंत मांडायची, हेही त्यातच.

एक कलम हमखास राहून जातं. मेंबरेन गळलं तर दुकानदाराचं छत भिजतं, पण दुरुस्तीसाठी वरची माती आणि झाडं काढावी लागतात. ती काढायचा, ठेवायचा आणि परत लावायचा खर्च कोणाचा? तो सामायिक निधीतून होईल असं लिहून ठेवा आणि निधी पहिल्या वर्षापासून जमवा. बांधकामाच्या करारातच दोन वर्षांची देखभाल घाला, त्या काळात मेलेली झाडं ठेकेदाराने बदलून द्यायची. ताबा घेताना आउटलेटची झाकणं, पाण्याचे व्हॉल्व्ह आणि मातीखालच्या केबल दाखवणारा, प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेला नकाशा मागून घ्या, आणि त्याची एक प्रत माळ्याकडे राहू द्या.